दुसऱ्या हजार मैलांचं कोडं : स्लेज ओढणारी कुत्री आणि संशोधनाचा प्रश्न



पेटची तयारी करणारे, सिनॉप्सिस लिहायला बसलेले, गाईड शोधत फिरणारे अशा सगळ्यांकडून मला एक प्रश्न हमखास येतो : "संशोधनाचा प्रश्न आणायचा कुठून?" पेपर वाचा, रिसर्च गॅप शोधा, हे उत्तर सगळेच देतात. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. म्हणून आज एक सविस्तर उदाहरण घेऊ. ते अलास्कातलं आहे, बर्फातलं आहे आणि कुत्र्यांचं आहे. आपल्या हवामानाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरी मुद्दाम निवडलं, कारण एक निरीक्षण हळूहळू प्रश्न कसं बनतं, प्रश्न मोजमापापर्यंत कसा पोचतो आणि मोजायची पद्धत बदलली की उत्तर कसं पालटतं, हे त्यात स्वच्छ दिसतं.

एक जोडपं, एक कुत्र्यांचा वाडा, दोन शर्यती

अलास्कात फेअरबँक्स शहराजवळ टू रिव्हर्स नावाची वस्ती आहे. ॲली झर्कल आणि ॲलन मूर हे नवरा-बायको तिथे एसपी केनेल नावाने स्लेज ओढणारी कुत्री वाढवत आले. स्लेज म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी गाडी. तिला कुत्री जुंपून हाकणाऱ्याला मशर म्हणतात. हे दोघंही मशर. ॲली जीवशास्त्र शिकलेल्या. ॲलन मूळचे अर्कान्सासचे, म्हणजे बऱ्यापैकी उबदार भागातले.

लांब पल्ल्याच्या शर्यतींमध्ये दोन नावं सगळ्यात मोठी. पहिली इडिटारोड. ती १९७३ साली सुरू झाली. दर मार्चमध्ये अँकरेज परिसरातून निघायचं आणि बेरिंग समुद्राकाठच्या नोम गावाला पोचायचं. अंतर साधारण १,००० मैल, म्हणजे १,६०० किलोमीटर. दुसरी युकॉन क्वेस्ट, १९८४ पासूनची. अलास्कातलं फेअरबँक्स ते कॅनडातलं व्हाइटहॉर्स असा तिचा मार्ग, दिशा वर्षाआड उलटी व्हायची. अंतर पुन्हा हजार मैलांच्या आसपास. ही शर्यत फेब्रुवारीत व्हायची.

ॲली झर्कल २००० साली युकॉन क्वेस्ट जिंकल्या. ही शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. ॲलन मूर यांनी तीच शर्यत २०१३, २०१४ आणि २०१८ साली जिंकली. इडिटारोडमध्ये ॲली २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं दुसऱ्या आल्या. २०१४ मध्ये तर पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात फरक होता फक्त २ मिनिटं २२ सेकंदांचा, तोही आठ दिवसांहून जास्त चाललेल्या शर्यतीनंतर!

आता आपल्या कामाची गोष्ट. २०१३ आणि २०१४, या दोन्ही वर्षी फेब्रुवारीत ॲलन क्वेस्ट जिंकून घरी आले, आणि जेमतेम तीन आठवड्यांनी ॲली इडिटारोडला निघाल्या. त्यांच्या संघात ॲलनच्या संघातली अनेक कुत्री होती. म्हणजे त्याच कुत्र्यांनी एक हजार मैल पळून, थोडी विश्रांती घेऊन, आणखी हजार मैल पळायचे होते. माणूस बदलला, कुत्री तीच.

आणि ती कुत्री थकलेली नव्हती. ॲली दोन्ही वर्षी दुसऱ्या आल्या.

हे एकाच घरापुरतं नव्हतं. लान्स मॅकी या मशरने २००७ साली दोन्ही शर्यती एकाच हंगामात जिंकल्या, बहुतेक त्याच कुत्र्यांना घेऊन. त्याआधी पुष्कळांना हे अशक्य वाटत होतं. २००८ मध्ये त्यांनी ते पुन्हा करून दाखवलं. "पहिली शर्यत पळालेली कुत्री दुसऱ्या शर्यतीत जास्त कणखर असतात" असं मशर मंडळी अनुभवाने म्हणू लागली.

इथे थांबून विचार करा. मॅरेथॉन पळालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. मग या कुत्र्यांच्या शरीरात नेमकं काय होतं?

हे आपलं कोडं.

आधी कुत्र्यांबद्दल

सिनेमात दिसतो तो निळ्या डोळ्यांचा, गुबगुबीत सायबेरियन हस्की या शर्यतींमध्ये फारसा दिसत नाही. इथे पळतो तो अलास्कन हस्की. ही कागदोपत्री मान्यता असलेली जात नाही. ही कामावरून घडलेली पैदास आहे. जो कुत्रा चांगला पळतो, चांगलं खातो, पाय शाबूत ठेवतो आणि बाकीच्यांशी जुळवून घेतो, त्याची पिल्लं ठेवायची. रंग कुठला, कान उभे की पडलेले, याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. वजन साधारण २०-२५ किलो. आपल्या गल्लीतल्या मोत्याशेजारी उभा केला तर परदेशातून आलाय हे चटकन ओळखूही येणार नाही.

हेदर ह्युसन या संशोधक स्वतः अनेक वर्षं स्लेज कुत्र्यांच्या शर्यतीत उतरल्या आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली या कुत्र्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की अलास्कन हस्की हा जनुकीयदृष्ट्या वेगळा ओळखू येणारा गट आहे. शिवाय कमी अंतर वेगाने पळणारी आणि लांब पल्ल्याची अशी कुत्र्यांची दोन कुळं वेगळी काढता येतात. मॅलाम्यूट आणि सायबेरियन हस्की यांचा वारसा दमाशी जोडलेला दिसला, तर पॉइंटर आणि सालुकी यांचा वेगाशी. "कामावरून निवड" हे शब्द आपण पुस्तकात वाचतो. इथे ती निवड जनुकांत उमटलेली दिसते.

केनेल चालवणाऱ्या जोडप्याचा दिवस म्हणजे याच निवडीचं रोजचं काम. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अजून बर्फ नसतो, तेव्हा कुत्री चारचाकी मोटारगाडीला जुंपून चिखलातून पळवतात. आधी थोडं अंतर, मग वाढवत वाढवत. हिवाळा येईपर्यंत प्रत्येक कुत्र्याच्या नावावर शेकडो मैल जमा होतात आणि कोण किती पळालं याची नोंद ठेवली जाते. कोणी खाल्लं नाही, कोणाची लघवी गडद झाली, कोणाच्या पंजाला भेग पडली, हे सगळं रोज बघायचं. शर्यतीत तर पंजांना कापडी मोजे घालणं, थांब्यावर बर्फ वितळवून पाणी करणं, मांस आणि चरबी घालून गरम खाणं तयार करणं, गवत पसरून बिछाना करणं, हे सगळं मशरने आधी कुत्र्यांसाठी करायचं आणि मग स्वतःची झोप. ती बहुतेक वेळा होतच नाही.

माझ्या मते ही नोंदवही म्हणजे संशोधनाची पहिली पायरी. ती ठेवणाऱ्याकडे गृहीतक नसतं, पण "हे असं होतं" हे त्याला ठाऊक असतं. कशामुळे होतं हे वही सांगू शकत नाही. तिथे प्रयोगशाळा लागते.

किती ऊर्जा लागते?

कुठल्याही शरीरक्रियेच्या कोड्यात आधी हिशेब मांडायचा : आत किती येतं, बाहेर किती जातं.

१९९७ मध्ये हिंचक्लिफ आणि सहकाऱ्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. त्यांनी ४९० किलोमीटरच्या शर्यतीत सुमारे ७० तास पळणाऱ्या कुत्र्यांची ऊर्जा मोजली. आता धावत्या कुत्र्याला मास्क लावून बर्फात मागे पळणं शक्य नाही. म्हणून त्यांनी "दुहेरी खूण केलेलं पाणी" ही पद्धत वापरली. पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जागी त्यांचे जड, पण किरणोत्सर्गी नसलेले समस्थानिक असलेलं पाणी प्राण्याला देतात. खूण केलेला हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो. खूण केलेला ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या कमी होण्याच्या वेगातला फरक काढला की किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला ते कळतं आणि त्यावरून किती ऊर्जा खर्च झाली तेही. प्राणी मोकळा फिरत असताना ऊर्जा मोजायची ही अतिशय देखणी युक्ती आहे.

उत्तर आलं दिवसाला सुमारे ४७,००० किलोज्यूल, म्हणजे ११,००० किलोकॅलरींहून थोडं जास्तच. २५ किलोच्या प्राण्याला! आपण दिवसभर बसून प्रबंध लिहिणारी माणसं दोन-अडीच हजारांत भागवतो. वजनाच्या हिशेबात बघितलं तर या कुत्र्यांचा खर्च आपल्या दहापट किंवा त्याहून जास्त. आणि गंमत म्हणजे त्यांनी खाल्लेली ऊर्जाही जवळपास तेवढीच होती. एवढं खाऊन, पळता पळता ते पचवणं, हीच या कुत्र्यांची पहिली कमाल.

एवढी ऊर्जा थोडक्या आकाराच्या अन्नातून द्यायची तर चरबीला पर्याय नाही. एका ग्रॅम चरबीत ९ किलोकॅलरी, कर्बोदकात आणि प्रथिनात ४. म्हणून या कुत्र्यांचा शर्यतीतला आहार चरबीने भरलेला असतो आणि कर्बोदकं कमी असतात.

पहिलं उत्तर : टाकीची पातळी

आता स्नायूंकडे वळू. स्नायूंचं हातातलं इंधन म्हणजे ग्लायकोजेन, साखरेच्या रेणूंची साखळी करून ठेवलेला साठा. माणूस दोन-तीन तास जोरात पळाला की हा साठा संपत येतो, पाय जड होतात. तो भरून काढायला भात, पोळी, बटाटे असं भरपूर कर्बोदक खाऊन दिवसभर तरी थांबावं लागतं.

मॅकेन्झी, डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षित अलास्कन हस्कींना सलग काही दिवस रोज दीडशे किलोमीटरच्या आसपास पळवून स्नायूचे छोटे नमुने घेतले. आहार चरबीचा, कर्बोदकं कमी. तुलनेसाठी न पळवलेल्या कुत्र्यांचा नियंत्रण गट ठेवला. पहिल्या टप्प्यानंतर ग्लायकोजेन कमी झालं, अपेक्षेप्रमाणेच. पण पुढच्या दिवसांत रोज तेवढंच अंतर कापूनही ते आणखी खाली गेलं नाही. उलट पुन्हा वर येऊ लागलं!

यावरून निघालेला निष्कर्ष अगदी स्वाभाविक वाटतो : कुत्र्याचं शरीर एका-दोन दिवसांत इंधन बदलतं. साखर वापरणं थांबवून चरबी जाळू लागतं, म्हणून साखरेचा साठा वाचतो. ही गोष्ट लोकांना आवडली. वर्तमानपत्रांनी छापली, माहितीपटांत आली. "चरबीवर चालणारं इंजिन" हे चित्र डोळ्यांसमोर पटकन उभं राहतं ना!

पण एक अडचण आहे. तिच्यासाठी आपल्या सोसायटीच्या गच्चीवर जाऊ.

समजा गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी सकाळी आणि संध्याकाळी सारखीच दिसली. याचा अर्थ दिवसभर कोणी पाणी वापरलं नाही? तसं असू शकतं. किंवा सगळ्या मजल्यांवरचे नळ धो धो वाहत होते आणि खालचा पंपही तितकंच पाणी वर चढवत होता, असंही असू शकतं. दोन्ही वेळा पातळी सारखीच दिसेल. पातळी बघून या दोन शक्यता वेगळ्या करताच येत नाहीत.

स्नायूच्या नमुन्यातलं ग्लायकोजेन म्हणजे पातळी. साठा. त्यातून प्रवाह कळत नाही. साखर वापरलीच जात नाही, की वापरली जातेय आणि तितकीच नव्याने बनतेय? हा प्रश्न त्या मोजमापाच्या कक्षेबाहेरचा होता.

मंडळी, हा मुद्दा वहीत लिहून ठेवा, कारण तो कुत्र्यांपुरता नाही. नदीतल्या नायट्रेटचं प्रमाण, पेशीतलं एखादं प्रथिन, गावातली बेरोजगारांची संख्या, या सगळ्या पातळ्या आहेत. प्रत्येकामागे आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह आहे. पातळी मोजून प्रवाहाबद्दल दावा करायचा असेल तर तुमच्या व्हायव्हात कोणीतरी बरोबर इथेच बोट ठेवणार.

दुसरं उत्तर : नळ आणि पंप

२०१५ मध्ये बेंजामिन मिलर, मायकेल डेव्हिस आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांनी प्रवाहच मोजायचं ठरवलं.

पद्धत अशी. वाहत्या ओढ्यात दर मिनिटाला ठराविक थेंब रंग टाकत राहिलात, तर काही वेळाने पाण्याला एक स्थिर छटा येते. ओढ्यात नवं पाणी जास्त येत असेल तर छटा फिकी, कमी येत असेल तर गडद. छटेवरून प्रवाह काढता येतो. रंगाच्या जागी इथे खूण केलेलं ग्लुकोज, ग्लिसरॉल आणि लॅक्टेट वापरलं. ते रक्तात ठराविक वेगाने सोडत राहायचं आणि कुत्रा ट्रेडमिलवर पळत असताना रक्तात ते किती पातळ होतं हे बघायचं. जोडीला श्वासातल्या वायूंचं मोजमाप. शरीर फक्त चरबी जाळत असेल तर बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड आणि आत घेतलेला ऑक्सिजन यांचं गुणोत्तर ०.७ च्या आसपास येतं. फक्त कर्बोदक जाळत असेल तर १ च्या आसपास.

चाचण्या झाल्या त्या जानेवारीत, शर्यतीआधी, आणि मार्चमध्ये, १,६०० किलोमीटरची शर्यत पळून आल्यावर. दोन्ही वेळा व्यायामाची तीव्रता तीच. संशोधकांचं गृहीतक स्पष्ट होतं : कुत्री मुख्यतः चरबी जाळत असतील आणि शर्यतीनंतर चरबीवरचा भर आणखी वाढेल.

निकाल उलटा लागला. शर्यतीनंतर गुणोत्तर वर गेलं, म्हणजे तेवढ्याच कष्टाला कर्बोदकांचं ज्वलन वाढलेलं होतं. पेपरचं शीर्षकच हे सांगतं : हजार मैलांच्या शर्यतीत भाग घेतल्याने अलास्कन स्लेज कुत्र्यांत कर्बोदकांचं ज्वलन वाढतं.

मग आहारात कर्बोदकं एवढी कमी असताना साखर येते कुठून? इथे ग्लिसरॉलचा मोठा प्रवाह महत्त्वाचा धागा ठरतो. चरबीचा एक रेणू म्हणजे तीन मेदाम्लं आणि त्यांना बांधून ठेवणारा एक ग्लिसरॉल. चरबी फुटली की मेदाम्लं सुटी होतात, तसा ग्लिसरॉलही सुटा होतो. यकृत ग्लिसरॉलपासून नवं ग्लुकोज बनवू शकतं. प्रथिनांमधल्या काही अमिनो आम्लांपासूनही बनवू शकतं. म्हणजे कुत्रा खातो चरबी आणि मांस, पण त्यातला काही भाग साखर होऊन स्नायूंपर्यंत पोचतो. नळ चालू आहेत आणि पंपही जोरात चालू आहे. पातळी स्थिर राहिली ती पाणी न वापरल्यामुळे नव्हे.

यावरून एसपी केनेलमधल्या कुत्र्यांचं कोडं पूर्ण सुटलं असं म्हणता येणार नाही. पण प्रश्नाचा आकार बदलला. आधी विचारायचं होतं : "कुत्रा साखर वाचवतो कसा?" आता विचारायचं : "लांब पळण्याने कुत्र्याची साखर बनवायची आणि वापरायची ताकद वाढते कशी?" फेब्रुवारीत हजार मैल पळालेला कुत्रा मार्चमध्ये कणखर का वाटतो, याला धरून पुढे जायला हा दुसरा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

आणखी एक गोष्ट बघा. गृहीतक चुकलं म्हणून पेपर रद्दी झाला नाही. गृहीतक नेमकं असल्यामुळेच ते चुकलेलं ओळखता आलं. "स्लेज कुत्र्यांच्या चयापचयाचा अभ्यास" असा गोलमाल उद्देश लिहिला असता तर काहीही निकाल आला तरी तो बरोबरच ठरला असता, आणि आपण काहीच शिकलो नसतो.

कुत्रा पळतोय म्हणजे कुत्रा ठीक आहे?

आता या विषयाची दुसरी बाजू. ती टाळून लिहिणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

या शर्यतींवर कडक टीका होते. कुत्री मरण पावल्याच्या घटना घडल्या आहेत. २०२४ च्या इडिटारोडमध्ये तीन कुत्री मेली. प्राणीहक्क संघटना म्हणतात, शर्यत बंद करा. मशर म्हणतात, या कुत्र्यांना पळायला आवडतं, जुंपायची वेळ झाली की ती भुंकून, उड्या मारून वाडा डोक्यावर घेतात. ही दुसरी गोष्टही खरी आहे. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही.

मायकेल डेव्हिस यांच्याच गटाने २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लांब पल्ल्याच्या शर्यतीतल्या कुत्र्यांच्या पोटात एंडोस्कोपीने बघितलं. जवळपास निम्म्या कुत्र्यांच्या जठराच्या अस्तराला इजा झालेली आढळली. आणि अशी इजा असूनही कुत्रा वरून धडधाकट दिसू शकतो. खातोय, शेपटी हलवतोय, पळतोय. पुढे आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल या औषधाच्या चाचण्या झाल्या. त्यात इजेची तीव्रता कमी झालेली दिसली आणि अशी औषधं शर्यतीच्या तयारीत वापरात आली. ॲसिडिटीला आपल्या घरात मिळते तीच गोळी!

म्हणजे "उत्साहाने पळतोय" हे निरीक्षण खरं असूनही अपुरं निघालं. कुत्रा बोलू शकत नाही. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने विचारायचं असेल तर आत बघावं लागतं. चांगल्या मशरची रोजची नजर आणि एंडोस्कोपीची नळी, दोन्ही लागतात. पहिली कळपातला बिघडलेला कुत्रा ओळखते. दुसरी सगळा कळपच जेव्हा थोडाथोडा बिघडलेला असतो तेव्हा कामी येते, कारण तेव्हा तुलनेला "चांगला" कुत्रा समोर नसतोच.

इथेच एक सापळाही आहे. नोमला पोचलेल्या कुत्र्यांचाच अभ्यास केला तर? ज्याला त्रास होतो त्याला वाटेतल्या थांब्यावर पशुवैद्यांकडे सोपवून मशर पुढे जातो. शेवटच्या रेषेवर उरतात ती टिकलेली. त्यांच्यावरून "हजार मैल पळणं कुत्र्याला सोसतं" असं म्हणणं म्हणजे पास झालेल्यांनाच विचारून पेपर सोपा होता असं ठरवण्यासारखं आहे. ॲलनच्या संघातून ॲलीच्या संघात गेलेली कुत्रीही निवडलेलीच होती. ज्यांची तब्येत उत्तम तीच पुढच्या शर्यतीला घेतली जाणार. म्हणून मशरच्या अनुभवातून प्रश्न मिळतो, पण त्याचं उत्तर द्यायला नियंत्रण गट लागतो, आधी आणि नंतरचं मोजमाप लागतं, आणि वाटेत गळालेल्यांचा हिशेब लागतो.

आपण यातून काय घ्यायचं?

तुमच्या विषयाला लागू होतील असे चार प्रश्न देतो. सिनॉप्सिस लिहिण्याआधी स्वतःला विचारा.

एक, माझ्या विषयातला "मशर" कोण? म्हणजे जो रोज ही गोष्ट हाताळतो आणि ज्याला काहीतरी विचित्र दिसलेलं आहे. शेतकरी असेल, परिचारिका असेल, लूम चालवणारा असेल, वर्गशिक्षिका असेल. त्याच्याकडे पेपर नाहीत, पण वही आहे. निदान एक दिवस त्याच्याबरोबर काढा. अर्कान्सासहून आलेले ॲलन मूर असोत की जीवशास्त्र शिकलेल्या ॲली, कुत्री त्यांनाही रोज बघूनच कळली.

दोन, मी पातळी मोजतोय की प्रवाह? आणि दावा कशाबद्दल करतोय? दोन्हींत अंतर असेल तर एकतर पद्धत बदला, नाहीतर दावा लहान करा. दावा लहान करण्यात कमीपणा काही नाही.

तीन, माझं गृहीतक चुकू शकतं का? कोणता आकडा आला तर मी "मी चुकलो" म्हणेन, हे आधी लिहून ठेवता येतंय का?

चार, माझ्या नमुन्यात कोण नाही? कोण वाटेत गळालं, कोण पहिल्यापासून निवडलंच नव्हतं, आणि त्यांच्यामुळे उत्तर किती बदललं असतं?

प्राण्यांवर काम करणार असाल तर पाचवाही जोडा : बाहेरून ठीक दिसणाऱ्या जीवाला आतून काय होतंय, हे बघायची जबाबदारी माझ्या आराखड्यात कुठे लिहिली आहे? नैतिकता समितीच्या अर्जात हा रकाना असतोच. तो शेवटच्या रात्री घाईघाईत भरायचा रकाना समजू नका. जठराची इजा शोधणाऱ्या संशोधकांनी मुळात हाच प्रश्न विचारला होता आणि त्यातून कुत्र्यांना थेट उपयोग होईल असं काहीतरी निघालं.

पुढच्या वेळी नियंत्रण गट कसा निवडायचा यावर स्वतंत्र लिहिणार आहे. तोवर तुमच्या विषयातली एक "पातळी" शोधा आणि तिच्या मागचे नळ आणि पंप कागदावर काढून बघा. काढता आले नाहीत, तर बहुतेक तिथेच तुमचा प्रश्न दडलेला आहे. खाली कमेंटमध्ये लिहा, वेळ मिळेल तसं प्रत्येकाला उत्तर देतो.